इच्छापोर ते बऱ्हाणपूर: मार्गदर्शिका आणि मुक्काम

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापीच्या उजव्या तीरावर, हजिऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेले इच्छापोर आज हिरे-दागिन्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारींमुळे ओळखले जाते. प्रवासाचा आराखडा करणाऱ्याने मात्र त्याची नोंद दुसऱ्या एका कारणासाठी घ्यावी. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, ज्याला जुने चालक अजूनही ‘सहा नंबर’ म्हणतात, या गावाजवळून जातो आणि बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, धुळे, जळगाव, नागपूर असे करीत थेट ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत पोहोचतो. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत यंत्रमागावर आणि कापडबाजारात राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांसाठी हा गावी जाण्याचा रस्ता आहे; आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, किंवा लग्नसराईत तो रातोरात कापायचा आणि पहाटे गाव गाठायचे, अशीच त्याच्याकडे पाहण्याची रीत पडली आहे. वाटेत थांबण्यासारखे काही आहे काय, हा प्रश्न या रस्त्याला क्वचितच विचारला जातो. तो विचारायचा झाला तर थांबे निवडण्याआधी मार्गदर्शिका निवडावी लागते, कारण प्रत्येक मार्गदर्शिका विशिष्ट वाहनाने जाणाऱ्या विशिष्ट प्रवाशासाठी लिहिलेली असते आणि तिने सुचविलेले थांबे त्या वाहनाच्या गरजांवरून ठरलेले असतात.

हे तत्त्व कुठल्याही देशाच्या बाबतीत तपासता येते. मेक्सिकोसाठी फिलिप टेरी याने १९०९ साली काढलेली इंग्रजी मार्गदर्शिका आगगाडीने फिरणाऱ्यासाठी होती, म्हणून तिच्यात लोहमार्गाच्या क्रमाने शहरे येतात. कार्ल फ्रांझ याचे १९७२ सालचे ‘पीपल्स गाइड टू मेक्सिको’ स्वतःची गाडी घेऊन निघालेल्या कमी पैशांच्या प्रवाशासाठी होते, म्हणून त्यात हॉटेलांच्या याद्यांपेक्षा बाजारात भाव कसा करावा, तळ कुठे टाकावा आणि बंद पडलेल्या गाडीचे काय करावे यालाच अधिक जागा मिळाली. एकाच देशावरची ही दोन पुस्तके हाती धरून निघालेले दोन प्रवासी बहुधा एकमेकांना भेटणारही नाहीत. सुरतेहून खानदेशात उतरणाऱ्या रस्त्याला अशी चांगली आधुनिक मार्गदर्शिका मराठीत नाही. प्र. के. घाणेकरांच्या ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!’ सारख्या पुस्तकांची मराठी भटकंतीची समृद्ध परंपरा प्रामुख्याने सह्याद्रीच्या धारेला धरून चालते, कोकणावर तर पुस्तकांचा पाऊस आहे. तापीखोरे मात्र या दोहोंच्या बाहेर पडते आणि त्यामुळे प्रवाशाला जुन्या ग्रंथांकडेच जावे लागते.

त्या ग्रंथांत पहिला मान झाँ-बातिस्त ताव्हर्निये या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याचा. त्याच्या सहा प्रवासांचा वृत्तान्त १६७६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि व्हॅलेंटाइन बॉल याने १८८९ मध्ये त्याचे टिपांसह इंग्रजी भाषांतर केले. ताव्हर्निये सुरतेहून आग्र्याला जाण्याच्या दोन वाटा देतो, एक बऱ्हाणपूर व सिरोंजवरून आणि दुसरी अहमदाबादवरून, व दोन्ही वाटांवरील पडाव कोसांच्या हिशेबाने एकापुढे एक मांडतो. कोस हे अंतराचे माप प्रदेशागणिक बदलत असल्यामुळे त्याचे आकडे आजच्या किलोमीटरात उतरविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. मोलाचे आहे ते त्याने सांगितलेले थांबण्याचे कारण. गाडीचे बैल, त्यांना घालायचे कणकेचे व गुळाचे गोळे, रोजचे साधारण रुपयाभर भाडे, आग्र्यापर्यंत लागणारे पस्तीस ते चाळीस दिवस, हे सर्व तो व्यापाऱ्याच्या नजरेने टिपतो. दहा-बारा हजार बैलांचे वणजाऱ्यांचे तांडे समोरून आले की अरुंद वाटेवर दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबावे लागे, असेही तो नोंदवतो. हजिऱ्याच्या रस्त्यावर मालमोटारींच्या रांगेत अडकलेल्या प्रवाशाने हे वाचले, तर आपली तक्रार साडेतीनशे वर्षांची आहे एवढे तरी समाधान त्याला मिळेल.

ताव्हर्नियेच्या यादीत वालोडच्या पुढे एक लहानसे नाव येते, ज्याला त्याच्या काळी ‘बेगमची सराई’ म्हणू लागले होते. सराई म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेले, मध्ये मोकळे अंगण व भोवती खोल्या असलेले आवार. वालोडहून नवापूरपर्यंतची मजल, म्हणजे एका दिवसात कापायचे अंतर, फार लांब पडे, प्रदेश रानाचा होता आणि मोगलांना न जुमानणाऱ्या राजांच्या सरहद्दीवर काफिल्यांची लूट होई. म्हणून शहाजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने मध्ये ही सराई बांधविली. सुरत बंदराचे उत्पन्न याच जहाँआराला नेमून दिलेले होते, हे लक्षात घेतले की सराईमागचा हिशेब उलगडतो: वाटेत लुटला गेलेला माल बंदरात पोहोचत नाही आणि न पोहोचलेल्या मालावर जकात बसत नाही. थांबा कसा जन्माला येतो हे समजण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण या रस्त्यावर सापडणार नाही, आणि आज मोटारीने तासाभरात ओलांडल्या जाणाऱ्या या पट्ट्यात थांबण्याची गरज का संपली, याचेही उत्तर त्यातच आहे.

दुसरा ग्रंथ म्हणजे जेम्स कॅम्बेल याने संपादिलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर. गॅझेटिअर म्हणजे एखाद्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास, शेती, व्यापार, जाती-जमाती आणि गावोगावची स्थळे यांचा सरकारने करविलेला वर्णनकोश. या एका रस्त्यासाठी त्याचे तीन खंड लागतात, आणि ते का लागतात हीच मोठी शिकवण आहे. सुरत आणि बारडोली ब्रिटिश मुलखात असल्यामुळे ती १८७७ च्या सुरत-भडोच खंडात येतात. व्यारा आणि सोनगढ गायकवाडांच्या राज्यात असल्यामुळे ती १८८३ च्या बडोदे खंडात सापडतात. नवापूर ओलांडले की १८८० चा खानदेश खंड उघडावा लागतो. ज्याने केवळ पहिला खंड बरोबर घेतला, त्याला व्याऱ्याचा आणि सोनगढचा किल्ला जणू अस्तित्वातच नाही असे वाटेल. कवी नर्मदने गुजरातीत लिहिलेली ‘सुरतनी मुखतेसर हकीकत’ शहरापुरती उत्तम सोबत करते, पण वेशीबाहेर ती साथ सोडते. मरे या इंग्रज प्रकाशकाची प्रवासी हस्तपुस्तिका १८५९ पासून या इलाख्यासाठी निघत असली तरी तिच्या नंतरच्या आवृत्त्या लोहमार्गांना जखडलेल्या आहेत. मुंबई-जबलपूर मार्गावर असल्यामुळे बऱ्हाणपूरला तिचा उपयोग होतो, पुढे येणाऱ्या थाळनेरला जवळजवळ होत नाही. रस्त्यांचा छापील नकाशा किंवा दूरध्वनीवरचा नकाशा जवळ ठेवणे अर्थातच आवश्यक आहे, परंतु नकाशा कसे जायचे तेवढे सांगतो. का थांबायचे ते सांगण्याचे काम त्याच्याकडे नाही.

पहिला थांबा निघण्याच्या जागेपाशीच घ्यावा, आणि त्यासाठी पूर्वेऐवजी आधी पश्चिमेला वळावे. इच्छापोरपासून जवळच समुद्रकाठी सुवाळी आहे, जिथे सतराव्या शतकात युरोपीय जहाजे नांगर टाकीत, कारण मोठी जहाजे तापीच्या गाळातून सुरतेच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकत नसत. १६१२ च्या नोव्हेंबरअखेरीस कप्तान थॉमस बेस्ट याच्या इंग्रज जहाजांनी इथेच पोर्तुगीजांशी झुंज दिली आणि १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो इथेच उतरला. याच परिसरातील एका घुमटाकार वास्तूला थॉमस कोर्याटची कबर मानतात. युरोपचा बराच भाग पायी फिरून १६११ साली त्याचे वर्णन छापणारा, नंतर अलेप्पोहून चालत अजमेरपर्यंत आलेला हा विक्षिप्त इंग्रज १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. हिंदुस्थानात केवळ हिंडण्यासाठी आलेल्या पहिल्या युरोपीयांपैकी एकाची आठवण आज कारखान्यांच्या धुराड्यांच्या सावलीत उभी आहे, आणि या वाटेच्या प्रवासाची सुरुवात तिथूनच करणे सर्वांत योग्य ठरते.

सुरत शहराला या आराखड्यात अर्धा दिवस पुरे. तापीकाठचा सोळाव्या शतकातील किल्ला, कतारगाम दरवाजाकडील इंग्रजांचे कबरस्तान, व त्याच्या जवळचे डच कबरस्तान, ज्यात मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाचा कर्ता, १६९१ मध्ये वारलेला व्हान रेड, विसावला आहे, एवढे पाहिले की बाकी वेळ खाण्याला द्यावा. हिवाळ्यात सुरती लोक ज्वारीचा कोवळा हुरडा, ज्याला ते पोंक म्हणतात, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात आणि तो चुकवू नये. मुक्कामांचा विचार करणाऱ्याने मुगलसराई मात्र आवर्जून पाहावी. शहाजहानच्या काळी, १६४४ च्या सुमारास, हजला निघालेल्या यात्रेकरूंसाठी बांधलेली ही सराई आज सुरत महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. जिथे यात्रेकरू जहाजाची वाट पाहत, तिथे आता नागरिक दाखल्यांची वाट पाहतात. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी लुटलेली सुरत मराठी प्रवाशाच्या मनात इतकी ठसलेली असते की तो शहरात दुसरे काही शोधायचेच विसरतो.

बारडोलीत स्वराज आश्रमापुरते थांबणे पुरेसे आहे. १९२८ चा करबंदीचा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेलांना मिळालेली ‘सरदार’ ही उपाधी शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढे व्यारा घाईने ओलांडले तरी चालेल, सोनगढ मात्र नाही. डोंगरावरचा हा किल्ला पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ताब्यात घेतला आणि बडोद्याचे ऐश्वर्य उभे राहण्यापूर्वी गायकवाडांच्या सत्तेचे बूड इथे होते. एका मोठ्या मराठा संस्थानाचा उगम पाहण्यासाठी मराठी पर्यटक बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा गाठतो आणि ज्या टेकडीवरून सारे सुरू झाले तिच्या पायथ्याने न थांबता पुढे जातो, याचे कारण इतकेच की ही टेकडी त्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. किल्ल्यावरून उकाई धरणाचा जलाशय दिसतो. १९७२ मध्ये पुरे झालेल्या या धरणाचे पाणी मागे थेट नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरले असून सुरतेला पुरापासून संरक्षण आणि शेतीला पाणी मिळवून देताना त्याने तापीकाठची अनेक आदिवासी गावे उठवली, ही गोष्टही त्या दृश्याचाच भाग आहे.

नवापूरला राज्य बदलते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा सीमारेषा इथल्या रेल्वेस्थानकातूनच गेली. एका बाकावर बसलेल्या दोन माणसांपैकी एक महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत असतो, आणि सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत होतात. लोक छायाचित्र काढण्यासाठी त्या बाकापाशी थांबतात, ते योग्यच आहे. ताव्हर्नियेसाठी मात्र नवापूर विणकऱ्यांचे आणि तांदळाचे गाव होते. इथल्या तांदळाचा दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर हिमासारखा शुभ्र आणि वासाला कस्तुरीसारखा असतो, हिंदुस्थानातील उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कोणाला भेट द्यायची तर या तांदळाची गोणी नेतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. नवापूर परिसरात भात आजही पिकतो. गावच्या बाजारात सुवासिक जातींची चौकशी करणे हा या प्रवासातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत सरस उद्योग ठरेल.

नवापूरपाशी खरी निवड करावी लागते. महामार्ग ५३ दक्षिणेकडे झुकून साक्रीमार्गे धुळ्याला जातो. तो रुंद आहे, जलद आहे आणि त्याच्यावर थांबण्याचे कारण ढाबा आणि पेट्रोलपंप यांपलीकडे फारसे नाही. दुसरा पर्याय गुजरातेतच दक्षिणेला वळून डांगच्या रानातून सापुताऱ्यावरून नाशिककडे उतरण्याचा, ज्यावर साल्हेर-मुल्हेरसारखे बागलाणातील दुर्ग येतात. सह्याद्रीप्रेमींसाठी तो उत्तम असला तरी त्याच्यावर पुस्तकेही पुष्कळ आहेत आणि माणसेही. तिसरा पर्याय म्हणजे जुन्या काफिल्यांप्रमाणे नंदुरबारवरून तापीकाठ धरणे आणि पुढे उत्तर तीरावरून शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर करीत बऱ्हाणपूर गाठणे. हा रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग म्हणून खानदेशात परिचित आहे. डावीकडे सातपुडा, उजवीकडे तापी, असा तो जवळपास सरळ पूर्वेला जातो. इच्छापोरपासूनचा एकूण प्रवास चारशे किलोमीटरच्या आसपास भरतो आणि मध्ये दोन मुक्काम केले तर कोणाचीही ओढाताण होत नाही. या लेखाचा कौल याच वाटेला आहे.

नंदुरबारचा मुक्काम मिरचीसाठी करावा. हिवाळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर, ज्यांना इथे पथारी म्हणतात, ओल्या लाल मिरचीचे थर वाळत पडलेले असतात. वारा सुटला की दोन्ही बाजूंनी येणारा खाट प्रवाशाला शहर आल्याची सूचना पाटीच्या आधी देतो. शहरात शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांचे स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ही शाळकरी मुले मारली गेली. त्या मिरवणुकीतील घोषणा गुजरातीत होत्या, कारण नंदुरबारच्या व्यापारी घरांत गुजराती बोलली जाते, आणि राज्यांच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वीचा हा प्रदेश कसा होता याची ती खूण आहे. जेवायला शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत मागावे. तिखट सहन होत नसेल तर तसे आधीच सांगावे, नंतर सांगून काही उपयोग होत नाही.

नंदुरबारहून पुढे प्रकाशे येथे तापी आणि गोमाई यांचा संगम आहे. दक्षिण काशी म्हणून भाविक इथे येतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते ताम्रपाषाण युगातील, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या शेतकरी वसाहतींच्या काळातील, वस्तीसाठी ठाऊक आहे, जिचे उत्खनन ब. कृ. थापर यांनी १९५० च्या दशकात केले. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या, म्हणजे दत्तजयंतीच्या, सुमारास प्रवास असेल तर वाट थोडी वाकडी करून सारंगखेड्याला जावे. एकमुखी दत्ताच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि लांबलांबून घोडे विकायला येतात. पोंकचा हंगाम, मिरचीच्या पथारी आणि घोडेबाजार हे तिन्ही एकाच महिन्यात साधत असल्यामुळे मार्गशीर्ष हाच या प्रवासाचा महिना होय. पावसाळ्यात हा रस्ता टाळावा.

संपूर्ण वाटेवर एकाच ठिकाणी दिवसभर रेंगाळायचे असेल तर ते थाळनेर. शिरपूर तालुक्यातील या तापीकाठच्या गावाला महामार्गाने, लोहमार्गाने आणि पर्यटनखात्याच्या फलकांनी सारखेच वगळले आहे, तरी खानदेशच्या फारुकी सुलतानांचा इतिहास इथूनच सुरू होतो. घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ साली वारला व इथेच दफन झाला. त्याच्या वारसांनी बऱ्हाणपूर वसवून राजधानी तिकडे नेली. गावातील फारुकी कबरींत एक अष्टकोनी कबर असून तिच्या दगडी भिंतींवरचे कोरीवकाम इतके नाजूक आहे की त्या काळच्या खानदेशात असे कारागीर होते यावर एरवी विश्वास बसला नसता. नदीच्या कडेला किल्ल्याचे अवशेष आहेत. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी तो इंग्रजांना दिला होता. तरी किल्लेदार तुळशीराम याने फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेला तोंड दिले. दरवाजातील झटापटीत दोन इंग्रज अधिकारी पडले, मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फासावर चढवले गेले. हे कृत्य समर्थनीय होते काय, यावर इंग्लंडातही वाद झाला. खानदेश खंडाची प्रत हाताशी असलेला प्रवासी किल्ल्याच्या दरवाजांचा क्रम जुळवीत फिरू शकतो. नसलेल्याला तिथे पडक्या मातीच्या भिंती आणि खाली वाहणारी तापी एवढेच दिसेल.

चोपड्यानंतर अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत आणि यावल-रावेरपासून पुढे दुतर्फा केळीच्या बागा लागतात. हा टप्पा दिवसाउजेडी करावा, एवढीच सूचना पुरे.

बऱ्हाणपूरला १६१५ च्या नोव्हेंबरात सर थॉमस रो पोहोचला तेव्हा त्याला सराईत दिलेल्या खोल्या भट्टीसारख्या गोल छताच्या आणि तेवढ्याच लहान निघाल्या, म्हणून राजाचा हा वकील चिडून तंबूत राहिला. मुक्कामाविषयीची तक्रार प्रवासवर्णनाइतकीच जुनी आहे. रोने ज्या सालची गैरसोय नोंदवली त्याच १६१५ साली, सुभेदार अब्दुल रहीम खानखाना याच्या काळात, शहराला कुंडी भंडारा ही जलव्यवस्था मिळाली. सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचे, त्या बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या खोदून हवा आणि उजेड सोडायचा, आणि केवळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत न्यायचे, अशी ही इराणी पद्धतीची योजना आहे. जामा मशिदीत अरबी लेखांबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे, जो राजा अली खान फारुकीच्या काळी कोरला गेला. तापीकाठच्या शाही किल्ल्यात १६३१ साली मुमताज महल वारली आणि तिचे शव आग्र्याला हलवेपर्यंत नदीपलीकडच्या आहुखान्यात ठेवले होते. शहरात मराठी सर्रास चालते, मावा जिलबी रात्री गरम खावी.

परतीसाठी उत्तरेला असीरगड पाहून, जो अकबराने १६०१ साली घेतला, पुन्हा दक्षिणेस मुक्ताईनगरला उतरावे, कोथळीच्या मुक्ताबाईच्या मंदिरात जाऊन यावे आणि तिथून महामार्ग ५३ धरावा. भुसावळ, जळगाव आणि धुळे करीत तो नवापूरला जुन्या वाटेला येऊन मिळतो. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. जाताना थाळनेरला गॅझेटिअर वाचून जे प्रश्न पडले असतील, त्यांसाठी त्याच्या दप्तरात एक दुपार राखून ठेवावी व सुरतेसाठी संध्याकाळी निघावे.